टॅप

सोमेश्वरच्या अलीकडं आमचं मिसळीचं हॉटेल.
आमचं म्हणजे शेठचं, मी नुसती गल्ल्यावर.
एका रविवारी मुंबईकडचा एक पाहुणा
कार्ड हवेत धरून म्हणाला, "टॅप?"
मी अदबीनं बोट दाखवलं:
तिकडं, बेसिनपाशी. साबणही आहे.

तो नाही हसला. त्याची बायको हसली.
मग तर्री वाढणारा गांगुर्ड्यांचा पोरगा हसला,
आणि हातातलं भगोणं सावरत म्हणाला,
मावशी, कार्ड मशीनला टेकवायचं, त्याला टॅप म्हणतात.

टेकवायचं ना?
मग टेक म्हणा की.

अशोकनगरच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत
संध्याकाळी साडेसहाला बायकांचा इंग्रजीचा वर्ग.
बाकं दुसरीच्या पोरांची, गुडघे वर येतात.
शिरसाठ मॅडमनी फळ्यावर तीन अक्षरं काढली.
मूळ अर्थ, म्हणाल्या, हलकेच वाजवणं,
आणि खडू टेबलावर आपटला.
"हा टक झाला मॅडम," नूरजहाँ म्हणाली.
मॅडमनी खडू ठेवला, बोटाच्या पेरानं वाजवलं.
आम्ही अकरा बायका श्वास धरून ऐकत होतो,
दूध उतू जायच्या आधी ऐकतो तशा.
टप.
हां. हा आला.

मी म्हटलं, याची एक बहीण आहे आमच्यात, टपली.
मॅडम म्हणाल्या, नातं नाही हो, योगायोग आहे.
असेल.
आमच्या गल्लीतही एक शिरसाठ राहतात,
मॅडमशी नातं लागत नाही,
नाक मात्र तेच.

मग वहीत एकेक अर्थ येत गेला.
नळ, तो मला ठाऊक होता, त्यानंच तर फसवलं.
दुसऱ्याचा फोन चोरून ऐकणं, तोही टॅपच.
(यावर सगळ्याजणी आपापल्या सासूकडं गेल्या,
वर्ग दहा मिनिटं थांबला.)
आणि नॉक वेगळा, टॅप वेगळा.
नॉक केलं की घर उठतं.
टॅप केलं की ज्याला कळायचं त्यालाच कळतं.

मी पेन खाली ठेवलं.
सेकंड शिफ्ट सुटली की रात्री साडेबाराला
दगू कडीच्या शेजारी बोटानं दोनदा,
पोरं जागी होऊ नयेत म्हणून.
इतकी वर्षं मी अंधारात उठून दार उघडलं,
आणि त्याला एक नाव आहे
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन त्याला वहीवर बोट ठेवून दाखवलं.
"टॅप?" तो ओरडला. हल्ली ओरडतोच.
"आटे पाडायचा! भोकात सरळ धरायचा, तेल सोडायचं,
अर्धा फेरा पुढं, पाव मागं. जोर केला की तुटतो,
तुटला की जॉब भंगारात!"
सव्वीस वर्षं प्रेस शॉपमध्ये.
आधी चिमण्या गेल्या त्याच्या कानातून,
मग कुकरची शिट्टी,
मग मी.

पाच वाक्यं लिहून आणायची होती.
चार जमली. पाचवं मी लिहिलं,
मी माझ्या नवऱ्याचा खांदा टॅप करते.
मॅडमनी लाल पेनानं मध्ये 'ऑन' घातलं
आणि वर पाहिलं. काही विचारलं नाही.

पहाटे साडेपाचला पाणी येतं.
पिंप भरून वाहत होतं, ओटा, पायरी, चपला,
आणि तो नळाकडं पाठ करून दात घासत उभा,
जगात कुठंच काही वाजत नसल्यासारखा.
मी गेले. खांद्यावर दोन बोटं, दोनदा.
आवाजाचा शब्द, आवाज झालाच नाही.
तो वळला.
"काय?" सगळी गल्ली जागी.
"टॅप," मी ओठ नीट हलवून म्हणाले.
तो जरा विचारात पडला,
मग वाकला आणि नळ बंद करू लागला,
अर्धा फेरा पुढं, पाव मागं,
जपून.